अ‍ॅशवेलची भिंत

इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसाने काय काय पाहिले म्हणून सांगावे, याची आपल्याकडे एक ठरीव यादी आहे. लंडनचा मनोरा, राजवाडा, मोठे म्युझियम, शेक्सपिअरचे घर, आणि वेळ उरलाच तर एखादे सरोवर. गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी केंब्रिजला धाकट्या भावाकडे तीन आठवडे राहून आलो आणि या यादीतले निम्मेदेखील पाहिले नाही. शाळा उघडल्यावर शिक्षकांच्या खोलीत सर्वांनी उत्सुकतेने विचारले, तेव्हा मी खरे तेच सांगितले : एका खेड्यातले चर्च पाहिले, आणि ते चार वेळा पाहिले. त्यावर कोणी काही बोलले नाही. मुख्याध्यापकांनी मात्र चहा सांगितला.

भावानेही मला हेच विचारले होते. "दादा, तिथे आहे तरी काय एवढे?" त्याची लंडनला जाणारी गाडी त्या गावच्या स्टेशनावरून रोज जाते, पण तो तिथे कधी उतरला नव्हता. त्याला मी जे तुटक तुटक सांगितले, ते जरा सावकाशीने इथे मांडतो. मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि गेली वीसएक वर्षे मुलांना कंपास धरायला शिकवतो आहे. दोनतीन कादंबऱ्या लिहिल्या, त्या ज्यांनी वाचल्या त्यांनी वाचल्या. तेव्हा वाचकाने हे एका ड्रॉइंग-मास्तरचे पाहणे समजावे.

गावाचे नाव अ‍ॅशवेल. हर्टफर्डशायर या परगण्याच्या अगदी उत्तर टोकाला ते आहे. नावातच गावाची हकीगत आहे : अ‍ॅश नावाच्या झाडांखालचा झरा. तो झरा अजून वाहतो. खडूच्या टेकडीतून पाणी पाझरते, झाडांच्या सावलीत एका खळग्यात साठते आणि तिथून ओढा होऊन केंब्रिजच्या कॅम नदीला जाऊन मिळते. १०८६ साली विजेत्या विल्यमने साऱ्या मुलखाची जी मोजदाद करविली, तिच्यात अ‍ॅशवेल वेस्टमिन्स्टरच्या मठाच्या मालकीचे आणि चांगले बाजारपेठेचे गाव म्हणून नोंदलेले आहे. स्टेशनापासून गाव दोन मैल. मी चालत गेलो. दोन्ही अंगांना गव्हाची सपाट शेते, आणि पुढे शेतांच्या वर, गावातले एकही घर दिसण्याआधी, चर्चचा मनोरा. एकशे शहात्तर फूट उंच. त्या परगण्यातल्या कोणत्याही गावच्या चर्चचा मनोरा एवढा उंच नाही. टोकाला शिशाच्या पत्र्याने मढवलेला एक अणकुचीदार सुळका आहे. साऱ्या मनोऱ्याच्या मानाने तो इतका बारीक, की पेन्सिलीला टोक काढून कोणी विसरून गेले आहे असे वाटावे.

आवारात शिरताना एक छपराचे फाटक लागते. त्याला 'लिचगेट' म्हणतात. 'लिच' म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रेत. तिरडी इथे टेकवायची, पाद्री बाहेर येऊन ती सामोरी घ्यायचा आणि मग आत न्यायचे. आपल्याकडच्या विसाव्याच्या दगडाची मला आठवण झाली.

इथे जरा थांबून या चर्चांविषयी चार गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचे कळायला सोपे जाईल. इंग्लंडात मध्ययुगात बांधलेली गावोगावची आठ-नऊ हजार चर्चे आजही उभी आहेत. कॅथीड्रल वेगळे; ते बिशपाचे. हे चर्च गावाचे. प्रत्येक कुणब्याने धान्याचा, लोकरीचा, कोकरांचा, मधाचासुद्धा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, आणि त्यातून पाद्र्याचे पोट चालायचे. इमारतीचे दोन भाग असतात. पूर्वेकडे वेदी असलेला लहान भाग. आपण त्याला गाभारा म्हणू. पश्चिमेकडे मोठे दालन. तो लोकांचा मंडप. तेराव्या शतकापासून असा रिवाज पडला की गाभाऱ्याची डागडुजी पाद्र्याने करायची आणि मंडपाची गावाने. त्यामुळे पुष्कळ गावी मंडप उंच, ऐसपैस आणि गाभारा बुटका असा प्रकार दिसतो. वर्गणी गावाची, हौसही गावाची! आणि त्या मंडपात नुसती प्रार्थना चालत नसे. सुरुवातीला तिथे बाकेही नव्हती. म्हातारी-कोतारी तेवढी भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर बसत. गावाच्या बैठकी तिथे होत, आणि गावकीची बिअर विकून त्या पैशांतून छप्पर दुरुस्त होई. आपल्या देवळाच्या सभामंडपात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको.

आता दगड. हा भाग माझ्या विशेष आवडीचा आहे.

अ‍ॅशवेलचे चर्च 'क्लंच' नावाच्या दगडाचे आहे. क्लंच म्हणजे दुसरे तिसरे काही नसून खडू. जरा घट्ट झालेला खडू. मी जन्मभर बोटांना खडू लावून घेतला, पण खडूची एकशे शहात्तर फूट उंच इमारत पाहीन असे कधी मनात आले नव्हते. खाणीतून ओला काढला की हा दगड चाकूने कापता येतो. वाळला की कठीण होतो. आत, पावसापासून दूर, तो शतकानुशतके टिकतो. बाहेर मात्र पाऊस आणि थंडी मिळून त्याला खातात. म्हणून बाहेरच्या भिंतींत त्याच्या जोडीला गारगोट्या भरल्या आहेत, आणि तरीही मनोऱ्याचे कोपरे झिजून पिढ्यान् पिढ्या दुरुस्तीला लावत आले आहेत. जवळपास चांगला दगड नव्हता, आणि लांबून आणायचा तर वाहतुकीचा खर्च दगडाच्या किमतीवर जायचा. म्हणून पायाखाली होते तेच या लोकांनी वर चढवले.

काम वसंतापासून शरदापर्यंत चाले. चुन्याला मुरायला वेळ लागतो, त्यामुळे एका हंगामात भिंत थोडेच फूट चढे. थंडी पडायच्या आत अर्धवट भिंतीच्या माथ्यावर गवत-पेंढा घालून ती झाकून ठेवीत, नाहीतर गारठ्याने चुना फुटायचा. म्हणजे असला मनोरा उभारणे हे एका माणसाच्या उमेदीच्या काळातले काम नव्हे. ज्याने पाया घातला त्याने टोक पाहिले नाही, आणि ज्याने टोक चढवले त्याला पाया घालणाऱ्याचे नाव बहुधा ठाऊक नव्हते. अ‍ॅशवेलचे चर्च मुख्यतः चौदाव्या शतकातले, आणि त्या शतकाच्या मधोमध काय होऊन गेले हे पुढे येईलच.

या इमारतींच्या शैलींना आज सारे जग जी नावे देते ती नावे ठेवणारा गृहस्थ मला फार जवळचा वाटतो. त्याचे नाव टॉमस रिकमन. क्वेकर पंथाचा हा माणूस; वैद्यकी शिकला, ती सोडली; धान्याच्या व्यापारात बुडाला; शेवटी लिव्हरपूलला विम्याच्या कचेरीत हिशेबनीस झाला. १८०७ साली बायको वारली. मन रमेना म्हणून तो सुटीच्या दिवशी पायी हिंडू लागला आणि वाटेत लागेल त्या जुन्या चर्चची रेखाटने करू लागला. शेकडो चर्चे अशी पाहून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की खिडकीची घडण पाहून इमारतीचा काळ सांगता येतो. १८१७ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. गोल कमानीची ती नॉर्मन. उंच, निमुळत्या, टोकदार खिडक्यांची ती अर्ली इंग्लिश. खिडकीच्या माथ्यावर दगडाची जाळी पानाफुलांसारखी, ज्योतीसारखी वळू लागली की डेकोरेटेड. आणि त्या साऱ्या वळणांना कंटाळून उभ्या सरळ पट्ट्या थेट कमानीला जाऊन भिडू लागल्या की पर्पेंडिक्युलर. ना विद्यापीठ, ना गुरू. पुढे तो स्वतःच वास्तुशिल्पी झाला. पदवीवाल्यांनी नाके मुरडली असतील, पण नावे त्याचीच चालली.

टोकदार कमानीचे मर्म मात्र वाचून कळत नाही, काढून कळते. माझ्या आठवीच्या मुलांना मी ते कंपासने काढायला लावतो. अर्धवर्तुळाची कमान घेतली तर तिची उंची रुंदीच्या बरोबर निम्मी. त्यात फेरफार नाही. रुंद गाळा आणि अरुंद गाळा शेजारी आले की त्यांची डोकी एका रेषेत येत नाहीत. पण दोन केंद्रांवरून दोन चाप काढून ते माथ्यावर मिळवले, की गाळा केवढाही असो, उंची आपल्याला हवी तेवढी. शिवाय असली कमान भार अधिक सरळ खाली नेते, भिंतीला बाहेर कमी ढकलते. जे काही ढकलणे उरते त्यासाठी बाहेरून जागोजाग दगडी धिरे देतात. मग मधल्या भिंतीवर फारसा भारच उरत नाही, आणि तिथे भिंतीऐवजी खिडकी बसवता येते. अ‍ॅशवेलला बहुतेक काचा साध्या आहेत. आत पाऊल टाकल्याबरोबर जो पांढरा, दुधाळ उजेड अंगावर येतो, तो या कंपासच्या दोन चापांमुळे येतो.

ज्यांना इंग्लंडला जाणे नाही त्यांनी मुंबईला कुलाब्याचे अफगाण चर्च पाहावे. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले. १८५८ साली ते विधिपूर्वक खुले झाले आणि वरचा सुळका १८६५ साली पुरा झाला. हेन्री कोनीबेअर या इंजिनिअरने त्याचा आराखडा केला, तो या जुन्या खेड्यांतल्या चर्चांवरून. रिकमनच्या नंतरच्या पिढीला या मध्ययुगीन घडणीचे वेडच लागले होते. मंडप, बाजूचे सोपे, टोकदार कमानी, पूर्वेची वेदी, सारे तसेच. फरक एवढाच की तिथे कोणी गावाने वर्गणी काढली नव्हती.

असो. मी भिंतीकडे येतो.

मंडपाच्या पश्चिम टोकाला एक उंच कमान आहे, तिच्याखालून गेले की आपण मनोऱ्याच्या तळाशी उभे राहतो. उत्तरेच्या भिंतीवर, दगडात कोरलेल्या, कोरलेल्या कसल्या, ओरखडलेल्या काही लॅटिन ओळी आहेत. त्यांचा अर्थ मी आधी वाचून गेलो होतो. तरी पहिल्या दिवशी मला भिंत नुसती करडी-पांढरी दिसली. फुले बदलायला आलेल्या एका वृद्ध बाईंनी माझी धडपड पाहिली आणि कपाटातून विजेरी आणून दिली. "समोरून नको, बाजूने धरा, भिंतीला लावून," त्या म्हणाल्या. तशी धरली मात्र, आणि एकेक अक्षर सावली घेऊन वर आले.

त्या ओळींचा आशय असा, की तेराशे पन्नास साली करुणास्पद, हिंस्र, दारुण अशी ती साथ होऊन गेली. साक्षीला उरली आहेत ती हीन-दीन माणसे. आणि शेवटी तेराशे एकसष्ट साली, संत मॉरसच्या दिवशी, प्रचंड वारा सुटून जगभर गर्जतो आहे. सालाचा पहिला उल्लेख सरळ आकड्याने नाही. एक हजार, तीनदा शंभर, पाच वेळा दहा अशा छंदात बसवलेल्या कोड्याने ते सांगितले आहे. जवळच आणखी एक नोंद आहे, तिथे पहिल्या साथीचे साल 'पन्नासात एक उणे' म्हणून दिले आहे. म्हणजे १३४९.

ही साथ प्लेगची. १३४८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ती जहाजातून उतरली, आणि दीड वर्षात देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे तिने नेली. लंडनला त्या साथीच्या दफनभूमीतून काढलेल्या दातांची परीक्षा होऊन २०११ साली त्या जंतूची ओळख पक्की झाली. आपल्याकडे १८९६ साली मुंबईत आणि मागोमाग पुण्यात जो शिरला तो याच जातीचा. माझ्या पणजीच्या माहेरचे सगळे घर तेव्हा कुलूप लावून रानात झोपड्यांत राहायला गेले होते. परत आली ती किती, हे आमच्या घरात कोणी मोजून सांगत नसे.

१३६१ साली प्लेग पुन्हा आला, आणि या वेळी त्याने मुलांना अधिक नेले. लोक त्याला पोरांची साथच म्हणत. आणि त्या पाठोपाठ तो वारा. मॉरसचा दिवस म्हणजे १५ जानेवारी. त्या काळी इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला लागे, त्यामुळे त्यांचे जे १३६१ ते आपले १३६२. नॉर्विच कॅथीड्रलचा सुळका त्या वादळात कोसळला. उत्तर समुद्राच्या काठची गावेच्या गावे पाण्याखाली गेली, आणि तिकडच्या लोकांनी त्या वादळाचे नावच 'माणसे बुडवणारे' असे ठेवले.

कोणी लिहिल्या या ओळी? नाव नाही. लॅटिन येत होते, छंद येत होता, तेव्हा बहुधा पाद्र्याच्या वर्गातला कोणी. लिंकनच्या बिशपाच्या ज्या मुलखात अ‍ॅशवेल मोडत असे, तिथल्या पाद्र्यांपैकी शेकडा चाळीसच्या आसपास पहिल्या साथीत मेले. कारण मरणाऱ्याच्या उशाशी बसणे हेच त्यांचे काम. एवढे कळल्यावर माझ्यातला कादंबरीकार लगेच सरसावला. एक तरुण पाद्री, त्याचा मेलेला गुरू, बाहेर वारा, हातात खिळा! त्या कादंबरीकाराला मी तिथेच गप्प बसवले. भिंतीवर जेवढे आहे तेवढे पुरे होते.

माझे लक्ष खिळले ते 'साक्षीला उरलेली हीन माणसे' या शब्दांवर. लिहिणारा वाचलेल्यांना भाग्यवान म्हणत नाही. त्यांत तो स्वतःही आलाच.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगणार नव्हतो. २०२० च्या मे महिन्यात आमची शाळा विलगीकरणासाठी घेतली. मुंबई-पुण्याहून चालत, टेंपोतून परतलेली गावची माणसे वर्गांतून ठेवली होती. त्यांच्या जेवणाचे डबे फाटकाशी ठेवायचे काम आम्हा शिक्षकांकडे होते. पुढे सारे ओसरले आणि शाळा उघडायची ठरली, तेव्हा रंगरंगोटीवर देखरेख माझ्याकडे आली. ड्रॉइंग-मास्तर ना मी. सातवीच्या वर्गात मागच्या भिंतीवर, फरशीपासून हातभर उंचीवर, म्हणजे झोपलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे, खिळ्याने ओढलेल्या नऊ उभ्या रेघा होत्या. दिवस मोजल्याच्या. तेव्हा चौदा दिवस ठेवीत. नवव्या रेघेच्या खाली दोन शब्द : पेरणी राहिली. रंगाऱ्याने मला विचारले, "सर, हे खरवडू का पुट्टी भरू?" मी म्हणालो, पुट्टी भर. वर फिकट निळा रंग दिला. रंग मीच निवडला होता. भिंत छान दिसू लागली आणि मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली.

तो माणूस कोण, नऊ दिवसांनंतर घरी गेला की दवाखान्यात, हे मी तेव्हा विचारले नाही. नंतर विचारले तर त्या वर्गात कोणकोण होते हे कोणाला नीट सांगता येईना. वीस वर्षे मी बाकांवर नावे कोरणाऱ्या पोरांच्या हातावर पट्टी मारत आलो आहे, अलीकडे मारायची बंदी झाली म्हणून नुसता ओरडतो, आणि साडेचार हजार मैलांवर जाऊन एका खडूच्या भिंतीवरचे ओरखडे विजेरीने वाचत उभा होतो. बाई शेजारी होत्या. त्यांना हे सांगावे असे वाटले. पण माझे इंग्रजी तेवढे पुरेना.

दुसऱ्या खेपेला मी बाकीची भिंत पाहिली. त्या ओळींच्या खाली एका मोठ्या चर्चचे रेखाटन आहे. ते लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथीड्रलचे असे बहुतेक जाणकार मानतात. त्या कॅथीड्रलच्या सुळक्यावर १५६१ साली वीज पडली, आणि १६६६ च्या मोठ्या आगीत उरलेली इमारत गेली. आज आपण घुमटाचे सेंट पॉल पाहतो ते त्यानंतरचे. म्हणजे जे लंडनमध्ये नाही, त्याची एक आठवण या खेड्यात खिळ्याच्या टोकाने राहून गेली आहे. रेखाटन मी माझ्या वहीत उतरवून घेतले. काढणाऱ्याला इमारतीची हाडे कळत होती, एवढे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. उगाच नक्षी केलेली नाही.

खांबांवरही लिहिलेले आहे, आणि तिथे सूर अगदी वेगळा. एकाने लॅटिनमध्ये तक्रार केली आहे की कोपऱ्यांचे सांधे नीट बसलेले नाहीत, आणि पुढे, मी यावर थुंकतो! कोण जाणे, हाताखालच्याचे काम पाहून चिडलेला कोणी मुकादम असेल, नाहीतर आधीच्या कंत्राटदाराच्या नावाने बोटे मोडणारा नंतरचा गवंडी. आमच्या गावी बांधकामावर हे रोज ऐकू येते, फक्त लॅटिनमध्ये नसते. दुसऱ्या एकाने दारू शहाणपणाची वाट लावते असा उपदेश लिहिला आहे. तिसऱ्याने बार्बरा नावाच्या कोणा मुलीवर तिच्याच नावाची कोटी करून तिला रानटी म्हटले आहे. बिचाऱ्या बार्बराचे म्हणणे काय होते, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. असले ओरखडे पूर्वी कोणी मनावर घेत नसे. व्हायोलेट प्रिचर्ड या बाईंनी गावोगाव हिंडून त्यांचे ठसे घेतले आणि १९६७ साली त्यांवर पुस्तक काढले, तेव्हा लोकांनी वाकून भिंती पाहायला सुरुवात केली.

प्लेगने बांधकामावर काय परिणाम केला, याविषयी एक मत पुस्तकांतून फार दिवस चालत आले. कुशल कारागीर मेले, म्हणून पानाफुलांची जाळी गेली आणि सोपी, सरळ रेघांची शैली आली असे ते मत. ऐकायला पटते. मलाही पटले होते. पण हिशेब जुळत नाही. सरळ रेघांची शैली प्लेगच्या आधीच, १३३० नंतरच्या दशकात, लंडनच्या सेंट पॉलमध्ये आणि ग्लॉस्टरच्या मठात दिसू लागली होती. सेंट पॉलचे ते काम विल्यम रॅमझी नावाच्या गवंड्याचे. तो १३४९ साली वारला. म्हणजे साथीने शैली जन्माला घातली नाही. तिने फार तर जुन्या शैलीचे कारागीर नेले आणि नवीला रान मोकळे करून दिले.

मजुरीवर मात्र परिणाम झाला तो रोखठोक. माणसे कमी झाल्यावर उरलेल्यांनी भाव वाढवला. राजाने १३४९ साली हुकूम काढून आणि १३५१ साली कायदा करून मजुरी बांधून टाकली : घडीव दगडाच्या मुख्य गवंड्याला दिवसाला चार पेनी, बाकीच्यांना तीन, हाताखालच्याला दीड. अधिक मागेल त्याला खोडा. तरी मजुरी चढतच राहिली. साक्षीला उरलेली ती हीन माणसे, पण दाम वाजवून घेऊ लागली. अ‍ॅशवेलचा मनोरा वर चढला तो या माणसांच्या हातांनी. तळाच्या भिंतीवर मेलेल्यांची नोंद, आणि तिच्यावर शंभरावर फूट काम पुढे चालू.

सोळाव्या शतकात धर्म बदलला. वेदीपुढच्या लाकडी पडद्यांवरच्या मूर्ती उतरवल्या, आणि देशभरच्या चर्चांतली भिंतीवरची चित्रे, म्हणजे संत, कयामतीचा दिवस, नरकात ढकलले जाणारे पापी, राजाज्ञेने चुन्याखाली गेली. गंमत अशी की त्या चुन्यानेच पुष्कळ चित्रे वाचवली. तीनशे वर्षांनी ती खालून निघाली. खरी हानी केली ती एकोणिसाव्या शतकातल्या हौशी जीर्णोद्धारकांनी. भिंत स्वच्छ दिसावी म्हणून त्यांनी चुना, गिलावा, त्याच्या आतले सारे दगडापर्यंत खरवडून काढले. विल्यम मॉरिसने १८७७ साली याविरुद्ध संस्थाच काढली. तिचे लाडके नाव 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडूविरोधी. हे वाचले तेव्हा मला आमचा रंगारी आठवला. त्याने तरी विचारले होते.

चौथ्या खेपेला माझ्याबरोबर भाऊ आला, रविवार होता. त्याने विजेरी धरली, मी वाचून दाखवले. तो बराच वेळ बोलला नाही. २०२१ च्या एप्रिलात आमचे वडील गेले तेव्हा विमाने बंद होती आणि त्याने सारे फोनच्या पडद्यावर पाहिले होते. मग म्हणाला, "दादा, आपल्या शाळेतल्या त्या भिंतीची पुट्टी निघेल का रे?" मी म्हणालो, निघेल कदाचित, पुट्टी मऊ असते, खालचे सिमेंट टणक. ओल्या कापडाने आणि पातळ पात्याने, घाई न करता, निघू शकेल.

दाराशी अभिप्रायाची वही होती. तिच्यात आम्ही दोघांनी नावे लिहिली, मराठीत, आणि गावाचे नाव, तारीख. बाई म्हणाल्या, हे वाचायचे कसे? मी वाचून दाखवले. त्यांनी एकदा म्हणून पाहिले, चुकले, पुन्हा म्हटले. मग आम्ही स्टेशनची वाट धरली. रविवारी गाड्या तासाने होत्या.